चौकी, पहारा, बुरूज : परंड्याच्या किल्ल्यावरून मराठीतील रखवालीच्या शब्दांकडे

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील परंडा हे गाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला मठांमुळे ठाऊक असते. तालुक्यातील डोमगाव येथे सीनेच्या काठी रामदासशिष्य कल्याणस्वामींचा मठ आहे, आणि एकोणिसाव्या शतकात हंसराजस्वामींचे वास्तव्य खुद्द परंड्यात होते. इतिहासाच्या अभ्यासकाला तेच गाव भुईकोट किल्ल्यामुळे ठाऊक असते. मठाकडे जाणारा किल्ल्यात सहसा शिरत नाही आणि किल्ल्यात शिरणाऱ्याला मठाशी कर्तव्य नसते. प्रस्तुत लेखकाने किल्ल्यात पाऊल टाकले ते दगडांसाठी नव्हे, शब्दांसाठी. त्यामागे एक अडचण होती.

पदव्युत्तर वर्गात बखरींचे वाचन चालू असताना 'चौक्या बसल्या' या धर्तीचा शब्दप्रयोग आला, की बहुतेक विद्यार्थी चौकी म्हणजे एक लहानशी इमारत असे धरून चालतात. त्यांच्या डोळ्यांपुढे रस्त्याच्या कडेची पोलीस चौकी असते. 'पहारा' शब्दाने बुरुजावर भाला घेऊन उभा असलेला शिपाई दिसतो, आणि 'ठाणे' म्हटले की पाटी लावलेले कार्यालय. यात विद्यार्थ्यांचा दोष थोडा आहे. आपले कोश या शब्दांपुढे पर्याय म्हणून एकमेकांनाच उभे करतात आणि आपण शिक्षकही 'रखवालीची जागा' एवढे सांगून पुढे जातो. परिणामी बखर, आज्ञापत्र आणि संतवाङ्मयातील काही रूपके आपण चुकीच्या चित्रावर वाचत आलो आहोत. जुन्या मराठीत हे शब्द मुख्यतः जागेची नावे नाहीत. ती कामाची, पाळीची आणि काम करणाऱ्या माणसांची नावे आहेत. एवढाच मुद्दा येथे मांडावयाचा आहे.

परंडा निवडण्याचे कारण असे, की येथे दगड भरपूर शिल्लक आहे. दुहेरी तट, भोवती खंदक, आणि २६ बुरूज अशी या किल्ल्याची गणना केली जाते. बांधणीचे श्रेय परंपरा बहमनी वजीर महमूद गवान याला देते. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसविले ते परंड्यात. म्हणजे काही काळ हे निजामशाहीचे राजधानीचे ठिकाण होते. पुढे तो आदिलशाहीकडे गेला. १६३४ मध्ये शाहजादा शुजा आणि महाबतखान यांनी त्याला वेढा घातला आणि तो न घेताच त्यांना परतावे लागले. इतका लढलेला किल्ला आणि इतके शाबूत बुरूज असूनही त्या बुरुजांवर रात्री कोण जागत होते, किती जण, कोणाच्या पाळीने, हे दगड सांगत नाही. ते शोधण्यासाठी शब्दांकडेच वळावे लागते.

प्रथम दगडाचे शब्द पाहू. 'बुरूज' हा अरबी 'बुर्ज' वरून फारसीमार्गे आलेला शब्द. अरबीनेही तो बाहेरून घेतला असावा असे मानले जाते. ग्रीक 'पिर्गोस' आणि लॅटिन 'बुर्गुस' हे त्याचे दूरचे आप्त. मराठीत तो येण्यापूर्वी बुरुजाला 'हुडा' असा शब्द होता. संस्कृत दुर्गशास्त्रात 'अट्टालक' आहे. कौटिल्याने तटावर ठराविक अंतराने अट्टालक उभारण्यास सांगितले आहे आणि त्यांच्यामध्ये धनुर्धाऱ्यांसाठी 'इंद्रकोश' सांगितला आहे. हे सारे शब्द मागे पडले. तोफ आली, तशी बुरुजाची रुंदी, उंची, आकार बदलला, आणि बदललेल्या वस्तूबरोबर नवे नाव आले. धाराशिव जिल्ह्यातच नळदुर्गला 'उपली बुरूज' म्हणून ओळखला जाणारा एकांडा उंच बुरूज आहे. त्याच नावाचा आणखी एक विजापुरात आहे. 'उपली' म्हणजे वरची, उंच. केवळ दूरवर नजर टाकता यावी आणि वरून तोफ डागता यावी एवढ्यासाठी उभारलेल्या या वास्तू आहेत. टेहळणीचा मनोरा म्हणून दुसऱ्या देशांत ज्याकडे बोट दाखवतील ती वस्तू आपल्याकडे हीच. पण तिच्या नावात टेहळणी नाही, उंची आहे. 'टेहळणी बुरूज' हा जोडशब्द आपण आज सर्रास वापरतो, तोसुद्धा दगडाच्या नावापुढे कामाचे नाव जोडून करावा लागतो. एकट्या 'बुरूज' शब्दात पाहणारा माणूस कोठेच नाही.

आता कामाचे शब्द. 'पहारा' हा 'प्रहर' पासून आला, हे सर्वांना ठाऊक असते आणि त्यामुळेच त्याचा विचार कोणी करीत नाही. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार असे आठ प्रहर. रात्रीचा एक प्रहर ज्याच्या अंगावर पडला त्याचा तो पहारा. शब्द काळाचा आहे. घटका मोजणारा, तास वाजविणारा आणि जागणारा यांचे काम एकमेकांत गुंतलेले होते. इंग्रजीतील घड्याळाचा आणि रखवालीचा शब्द एकच असावा यात त्यामुळे नवल नाही. मराठीत मात्र मूळ शब्द 'प्रहर' हा शिष्ट भाषेत वेगळा राहिला आणि 'पहारा' वेगळा झाला, म्हणून त्यांचे नाते झाकले गेले. खेड्यात अजून 'पारा' असा उच्चार ऐकू येतो आणि 'तिसऱ्या पारी' असा काळाचाही. तेथे ते नाते जवळजवळ उघडे आहे.

'चौकी'ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. मूळ 'चतुष्क', त्यावरून चौक, त्यावरून चार पायांची बैठक म्हणजे चौकी. बैठकीवरून बसणे, बसण्यावरून राखण्यासाठी बसणे. येथपर्यंत कोश सांगतात. परंतु मधला एक टप्पा सुटतो आणि तोच बखरींच्या वाचनाला आवश्यक आहे. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, पाळीने पहारा देण्याच्या पद्धतीला हिंदीत चौकी म्हणतात असे सांगितले आहे. सैन्याचे सात भाग पाडले जात आणि प्रत्येक भागाकडे आठवड्याचा एक दिवस असे. म्हणजे चौकी ही जागा नव्हती, वार होता. अमुक सरदाराची चौकी म्हणजे त्याची पाळी. १६६६ मध्ये आग्र्यात शिवाजी महाराजांच्या मुक्कामाभोवती कोतवाल फुलादखानाच्या चौक्या होत्या असे आपण वाचतो, तेव्हा तंबूभोवती बांधलेल्या कोठड्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणणे चूक आहे. तेथे माणसांची कडी होती, आणि ती कडी पाळीने बदलत होती. त्या प्रसंगातील सगळा ताण त्या बदलण्यात आहे. इमारतीला चकविता येत नाही, माणसाला चकविता येते.

हा भेद कळण्यासाठी शब्दाच्या व्युत्पत्तीपेक्षा त्याच्या क्रियापदाकडे पाहावे, असे मी वर्गात सांगत असतो. बुरूज बांधतात, तो चढतात, तो ढासळतो. चौकी बसते, बसवितात, उठते. ठाणे घालतात, बसवितात, उठवितात. पहारा बसतो, ठेवतात, देतात, करतात आणि बदलतात. गस्त घालतात किंवा फिरते, कारण फारसी 'गश्त' म्हणजेच फिरणे. बसणे, उठणे, फिरणे, बदलणे ही माणसांची क्रियापदे आहेत. चौकी 'बांधली' किंवा ठाणे 'बांधले' असा प्रयोग दिसला, की तो अर्वाचीन काळाचा, सरकारी बांधकामाच्या सवयीतून आलेला समजावा. जुन्या कागदात तो आढळल्यास तारीख पुन्हा तपासून पाहायला हरकत नाही. ही कसोटी रामबाण आहे असा माझा दावा नाही. 'तट' आणि 'घेरा' यांच्या बाबतीत ती अडते. पण विद्यार्थ्याच्या हाती देण्याजोगे एक साधन म्हणून ती उपयोगी पडते.

सभासदाच्या बखरीतील गडव्यवस्था या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस यांचा दर्जा सारखा ठेवण्याची व्यवस्था आपण परीक्षेत लिहितो. तिच्यापुढे जे येते ते मात्र दुर्लक्षित राहते. ज्या गडाचा घेर मोठा तेथे पाच-सात तटसरनोबत नेमावे आणि त्यांना तट वाटून द्यावा, असे सभासद सांगतो. वाटून द्यावयाची वस्तू येथे बुरूज नाही, तटाची लांबी आहे. अमक्या माणसाकडे अमका बुरूज असे स्थिर चित्र त्यात नाही. तटाच्या एका तुकड्यावर ये-जा करणारी, रात्र वाटून घेणारी माणसे आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही दुर्गप्रकरणात दरवाजे, चोरदिंड्या, दरवाजासमोरची वळणे यांविषयी बारकाईने लिहिले आहे, आणि दगडाच्या प्रत्येक सूचनेमागे माणूस गाफील राहील ही भीती जागी आहे. एकच दरवाजा असणे हा गडाचा मोठा ऐब मानला आहे तोही याच वृत्तीने.

परंड्यासारख्या भुईकोटाला डोंगरी गडाची एक सोय नसते. सह्याद्रीतील गडाच्या अर्ध्या चढावर, वाटांच्या तोंडाशी 'मेटे' असत. मेटावर राखण करणारी कुटुंबे वसलेली असत आणि त्यांचा प्रमुख तो मेटकरी. हा शब्द मला विशेष मोलाचा वाटतो, कारण त्यात पाळी नाही, घर आहे. रामोशी, कोळी, महार, मांग ही मंडळी तेथे बायकामुलांसह राहत. आजही त्र्यंबकजवळचे मेटघर किल्ला, महाबळेश्वरजवळचे मेटगुताड, वेल्हे भागातील मेटपिलावरे या गावांच्या नावांत मेट उभे आहे. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर ही महसुली गावांची नावेही त्याच व्यवस्थेची शिल्लक. मेट ओस पडले, गावाचे नाव झाले. भुईकोटाच्या नशिबी तेही नसते. त्याच्याभोवती डोंगर नाही, म्हणून मेट नाही. खंदक आहे, आणि खंदकाच्या पलीकडे लगेच पेठ. परंड्याची राखण करणाऱ्यांचे नाव म्हणूनच कोणत्या वाडीला चिकटून उरण्याची शक्यता कमी.

येथे थोडे बाहेर जाऊन यावे लागेल. परंड्यावर एके काळी 'मलिक-इ-मैदान' ही प्रचंड तोफ होती. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि १६३२ मध्ये परंड्याहून विजापूरला नेली गेली. तिथे ती अद्याप आहे. ती ओतणाऱ्याचे नाव मुहंमद बिन हसन रूमी. 'रूमी' म्हणजे रूमचा, उस्मानी सुलतानाच्या मुलखातला. जुन्या मराठीतील 'रूम-शाम' या जोडशब्दातले रूम ते हेच. म्हणजे परंड्याच्या बुरुजावर जो धातू होता, तो इस्तंबूलच्या दिशेकडून आलेल्या कारागिराच्या हातचा. त्याच सुलतानाच्या छायेखाली युरोपच्या पूर्व भागात वलाखिया आणि मोल्दाविया ही रुमानियन भाषकांची संस्थाने होती. त्यांच्या भाषेत तुर्कीवरून एक शब्द गेला, 'काराऊला'. पहारा, पहारेकरी, पहाऱ्याचे ठाणे असे त्याचे अर्थ. आज तो जुना झाला आहे. सर्बियन भाषेत तोच 'करौला' होऊन सरहद्दीवरील टेहळणीचा मनोरा असा ठाम अर्थ धरून बसला. रशियनमध्ये तो 'करऊल' म्हणजे पहारा, आणि तुर्कीत आज 'काराकोल' म्हणजे सरळ पोलीस ठाणे.

या शब्दाचे मूळ मंगोल आहे. 'पाहणे' या अर्थाच्या धातूवरून 'करऊल', म्हणजे पाहणारा. मंगोलांबरोबर तो पश्चिमेस डॅन्यूबपर्यंत गेला आणि फारसीबरोबर पूर्वेस हिंदुस्थानात आला. मोगलांच्या फारसीत 'करावल' म्हणजे सैन्याच्या पुढे जाऊन शत्रूचा ठाव घेणारा, आणि शिकारीत जनावराचा माग काढणारा. बादशहाच्या शिकारखान्यावर 'करावल-बेगी' असा अधिकारी असे. परंड्याभोवती मोगल फौजा पडल्या तेव्हा त्यांच्यापुढे असे करावल असणारच.

आता तुलना करावी. एकाच घराण्यातील हा शब्द तिकडे माणसापासून सुरू होऊन मनोऱ्यात स्थिरावला. इकडे, दिल्लीच्या फारसीत, तो माणसापाशीच राहिला. मराठीत इमारतीपर्यंत जाण्याचे काम 'चौकी' आणि 'ठाणे' यांनी केले, आणि तेही उशिरा, जेव्हा पगारी पोलीस, नोंदवही आणि सरकारी छप्पर ही तिन्ही एकत्र आली तेव्हा. तुर्कीचे 'काराकोल' आणि मराठीचे 'ठाणे' आज एकाच अर्थावर येऊन पोचले आहेत हे खरे. परंतु तिकडच्या शब्दाच्या पोटात दृष्टी आहे, इकडच्या 'पहारा' शब्दाच्या पोटात काळ आहे आणि 'चौकी'च्या पोटात बैठक. मराठीने पाहण्याचा शब्द, 'टेहळणी', हेराला आणि टेहळ्याला दिला, राखणदाराला दिला नाही. राखणदाराकडून तिने अपेक्षा केली ती जागे राहण्याची.

'जागल्या' हा शब्द याची साक्ष देतो. गावगाड्यात रात्रीची राखण करणारा तो जागल्या. शब्दात शस्त्र नाही, जागा नाही, अधिकारही नाही, केवळ जागणे आहे. वेशीवर असणारा तो वेसकर, आणि हे काम बहुतेक ठिकाणी महारांकडे असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात गावच्या या सेवांचे तपशीलवार, आणि आज वाचताना ठिकठिकाणी खटकणारे, वर्णन आहे. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात चोरीचा माग काढण्याची पद्धत दिली आहे. राखणदाराने माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत न्यावा, तेथे तो त्या गावच्या राखणदाराच्या हवाली करावा, आणि माग जेथे खुंटेल तेथील गाव जबाबदार. मोगल शिकारखान्यातील करावलाचे कसब आणि दख्खनच्या रामोशाचे कसब येथे एकच ठरते. फरक एवढाच, की एकाच्या नावापुढे बेगी लागू शकले आणि दुसऱ्याच्या कसबाबरोबर संशय चिकटला. माग काढता येतो त्याला चोरी करता येते, हा तर्क गावाने कधी सोडला नाही. पुरंदरच्या राखणीचे हक्क असलेल्या रामोशांपैकी उमाजी नाईक यांनी पेशवाईच्या पाडावानंतर बंड केले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी झाली. त्या बंडामागच्या कारणांत गड राखणाऱ्यांचे गेलेले हक्क हे एक मोठे कारण होते. बुरूज उभे राहिले, पहारा रद्द झाला. 'पहारा' ही जागा असती तर असे घडते ना.

गावच्या राखणीचे दुसरे टोक वतनात आहे. वतन हा मान आहे की वेठ, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडून ऐरणीवर आणला. ठराविक वेळ नसलेली, चोवीस तासांची चाकरी हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. प्रहराच्या हिशेबाने पाहिले तर त्याचा अर्थ स्पष्ट होतो. गडावरच्या पहाऱ्याला पाळी होती, एक प्रहर संपला की दुसरा माणूस येई. वेसकराचा प्रहर मात्र संपतच नव्हता.

हे लक्षात घेतले म्हणजे एकनाथांची 'जोहार' ही भारुडे निराळी वाचावी लागतात. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते. राखणीची भाषा नाथांनी दुरून ऐकलेली नव्हती, ती गुरुगृहीची होती. त्यांच्या भारुडांत 'अर्जदास्त' आहे, ताकीदपत्र आहे, दरबारी कागदाचा घाट आहे. तरीही किल्ल्याची भाषा हाती असताना देहनगरीच्या रखवालीचे रूपक उभारताना ते हवालदाराला किंवा किल्लेदाराला बोलते करीत नाहीत, गावच्या महाराला करतात. या निवडीचे समर्थन सामान्यतः 'लोकभाषा' या शब्दाने केले जाते. ते अपुरे आहे असे मला वाटते. किल्लेदाराचा पहारा पाळीचा आहे. देह राखणाऱ्याला पाळी नाही, त्याला वेसकरासारखे सदैवच जागावे लागते. रूपकाला जो नेमका माणूस हवा होता तो गावगाड्यातच होता. नाथांनी त्या माणसाच्या चाकरीची कठोरता जाणून त्याला निवडले, की ती गृहीत धरली, यावर वाद होऊ शकतो. मी दुसऱ्या बाजूचाही विचार करून पाहिला आहे आणि निर्णय अद्याप झालेला नाही. परंतु वाद घालण्यासाठी प्रथम 'वेसकर' आणि 'पहारेकरी' हे समानार्थी नाहीत हे मान्य करावे लागेल.

परंड्याकडे परतताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि शेजारची बार्शी ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात. एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेत दोन राज्यव्यवस्था आणि त्यांच्या दोन शब्दव्यवस्था होत्या. 'कोतवाल' घ्या. मूळ 'कोट्टपाल', कोट राखणारा. बार्शीकडे त्याची उतरण होत होत तो गावचा निरोप्या आणि पडेल ते काम करणारा नोकर झाला. हैदराबाद शहरात कोतवाल हे पोलीस खात्याच्या प्रमुखाचे पद होते. राजबहादूर वेंकटराम रेड्डी हे १९२० पासून या पदावर होते आणि त्यांचा दरारा संस्थानभर होता. परंड्याच्या माणसाच्या कानावर एकाच शब्दाचे हे दोन्ही अर्थ पडत असले पाहिजेत, आणि कोणता कोतवाल हे त्याने आवाजाच्या पट्टीवरून ओळखले असेल. 'शेतसनदी' म्हणजे राखणीच्या बदल्यात शेत सनदेने मिळालेला शिपाई. संस्थानात त्याचे 'सेतसिंधी' झाले, आणि शेतही दिसेना, सनदही दिसेना. सरहद्दीवरच्या जकातीला निजामी कारभारात 'करोडगिरी' म्हणत. हे करोडगिरीचे नाके म्हणजे या मुलखातील अखेरचे पहारे. १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात सरहद्दीवरील कार्यकर्त्यांनी अशा नाक्यांवर हल्ले केले. त्या काळच्या आठवणी वाचताना 'नाका' हा शब्द मात्र खरोखरच जागेचा आहे, जाळता येईल असा. येथे क्रियापदाची कसोटी उलट बाजूने लागू पडते.

इंग्रजी पलटणींनीही या शब्दांत थोडी भर घातली. 'गारद' हा युरोपीय शब्द, त्यापासून गारदी, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून राखणीसाठी ठेवलेल्या गारद्यांनीच केल्यामुळे मराठीत त्या शब्दाला चिकटलेला डाग. आज तरुण मंडळी महाराजांच्या नावाच्या ललकारीला 'गारद' म्हणतात, तेव्हा त्यांना हा इतिहास आठवत नसतो, आणि आठवावा असा माझा आग्रहही नाही. इंग्रज पहारेकऱ्याच्या रात्रीच्या आरोळीवरून आलेले 'आलबेल' अधिक गमतीचे. सर्व ठीक आहे, असे एका पहाऱ्याने दुसऱ्याला ओरडून सांगावयाचे. मराठीने तो शब्द घेतला आणि त्याला लगेच उपरोधाची धार दिली. 'सगळे आलबेल आहे' असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा काहीतरी बिघडलेले असते.

राहिला एक शब्द, जो परंड्याच्या दरवाजातच उभा आहे. दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांसाठी ज्या ओवऱ्या असतात त्यांना मराठीत 'देवडी' म्हणतात. किल्ल्यावरच्या पुस्तकांत हा शब्द सर्वत्र भेटतो. राखणीच्या शब्दांत खऱ्या अर्थाने वास्तूचा असा हा बहुधा एकमेव जुना शब्द, आणि तो आहे केवढ्या जागेचा, तर दोन माणसे पाय मुडपून बसतील एवढ्या. परंतु हैदराबादेत 'देवडी' म्हणजे उमरावाचा प्रशस्त वाडा. अमक्या नवाबाची देवडी, तमक्या राजाची देवडी. दरवाजावरून आतल्या सगळ्या वास्तूला नाव मिळाले आणि दरवाजात बसणारा त्यातून वगळला गेला. निजामी अंमलात परंड्याचा एखादा वृद्ध देवडी म्हणत असेल तेव्हा त्याच्या मनात पहारेकऱ्याची ओवरी असे की उमरावाचा वाडा, हे ठरविण्याचा मार्ग एकच आहे. तालुक्यातील घरांतून असलेले मोडी आणि उर्दू कागद, निवाडे, वतनाच्या फेरिस्ती आणि वृद्धांच्या बोलण्यातील क्रियापदे टिपून घ्यावी लागतील. देवडीत बसत, की देवडीवर जात, की देवडी राखत, एवढे कळले तरी पुष्कळ उलगडेल. परंडा, भूम, बार्शी, करमाळा या पट्ट्यात काम करणाऱ्या महाविद्यालयीन प्राध्यापकांना आणि प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना हे काम घराजवळचे आहे. बुरुजांची छायाचित्रे पुष्कळ झाली आहेत.